तीन मीटरचा फरक

“तीन मीटर म्हणजे खरोखरचे तीन, की दुकानातले तीन?” घड्याळजी पुटपुटले. हातातला जीपीएस त्यांनी घड्याळं दुरुस्त करायच्या जुन्या सवयीनं कानाशी नेला आणि मग ओशाळून खाली ठेवला.

“काका, मोकळ्यावर तीन,” दुकानदार म्हणाला. “झाडीत पाच-सहा. कड्याला चिकटून उभे राहिलात तर काही खरं नाही. सिग्नल दगडावर आपटून येतो, यंत्राचं डोकं फिरतं.”

“कड्यालाच उभं राहायचंय.”

“मग हा घ्या.” त्यानं दुसरा पुढे सरकवला. जाडजूड, डोक्यावर बोटभर अँटेना. “हा जास्त उपग्रह धरतो. बटणांचा आहे, हातमोज्यांनीही चालतो. पाण्यात पडला तरी रुसत नाही.”

“साधाच द्या हो,” सिस्टर म्हणाल्या. “आम्हाला काय जग फिरायचंय? एकाच जागी तर जायचंय.”

“अगं, साध्यानं अकरा महिने काय दिवे लावले?”

हॉस्पिटल सोडून तीन वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरा मात्र ‘अगं’च्या पुढे कधी गेला नाही.

दुकानदाराला गप्पांची हौस. “जिओकॅशिंग का? छान. कुणीतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे नेटवर टाकायचे, बाकीच्यांनी तो हुडकून वहीत सही करायची आणि होता तिथं ठेवायचा. तरुणांचंच वेड समजत होतो मी. कुणाचा डबा शोधताय?”

“लेकीचा.”

“मग तिलाच विचारा की.”

घड्याळजी बॅटरीच्या झाकणाशी खेळत राहिले.

“ती बाहेर असते,” सिस्टर म्हणाल्या. वॉर्डाच्या दारात उभं राहून त्यांनी किती जणांना खरं काय ते सांगितलं होतं. आवाज कधी कापला नव्हता. आताही कापला नाही.

लेकीला घरात ‘खार’ म्हणत. वस्तू दडवायची खोड लहानपणापासूनची. मोठी झाल्यावर डबे दडवायला लागली. अकरा महिन्यांपूर्वी एका रविवारी ती जुन्या खाणीच्या कड्यावर गेली आणि तिला खालून उचलून आणावं लागलं. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. शेजारी, तिच्या ऑफिसातले, तिची आत्या. कुणी पटकन म्हणालं, कुणी जरा थांबून.

तिच्या जुन्या जीपीएसमध्ये त्या सकाळची एक नोंद होती. कड्यावरचीच जागा, तिनं स्वतः साठवलेली. घड्याळजींनी तेवढंच धरून ठेवलं. “डबा ठेवल्याशिवाय जागा कोण नोंदवतं?” ते म्हणायचे. “डबा ठेवायला गेली, वाकली, पाय घसरला. डबा मिळाला की संपलं. मग कुणी थांबून बोलणार नाही.”

म्हणून दर रविवारी कडा. सिस्टर पाण्याची बाटली, गुडघ्याचा पट्टा आणि जादा सेल घेऊन मागे. जुन्या यंत्राची चूक हा सिस्टरना मोठा आधार होता. इथं नसेल तर दहा पावलं पलीकडे असेल. चूक जसजशी लहान होईल, तसतशी शोधायला जागा उरणार नव्हती.

घड्याळजींनी अँटेनावालाच घेतला. शनिवारी सकाळी एकटेच बाहेर पडले. “जरा हात बसवून येतो यंत्रावर,” म्हणाले. दुपारी परतले ते बुटांना खाणीची पांढरी धूळ घेऊन.

रविवारी कड्यावर पोचल्यावर त्यांनी जीपीएस एका दगडावर ठेवला. “जरा निवू दे त्याला. घाई केली की आकडे नाचतात.” पाच मिनिटं दोघं बसून राहिले. खाली खाणीतलं पाणी हिरवं, हललंसुद्धा नाही.

मग त्यांनी यंत्र बायकोच्या हातात दिलं. “आज तू धर.”

बाण सरळ निघाला. आठ मीटर, पाच, तीन. सिस्टर गुडघ्यावर बसल्या. दोन दगडांच्या फटीत हात घातला आणि बोटांना प्लास्टिक लागलं.

डबा हिरव्या चिकटपट्टीत गुंडाळलेला होता. आत कोरी वही, पेन्सिलीचा तुकडा आणि खारीचं चित्र असलेला लेकीचा बिल्ला.

“बघ,” घड्याळजी म्हणाले. “म्हणत होतो ना मी?”

सिस्टरनी पट्टीवरून अंगठा फिरवला. उभा जन्म त्यांनी पट्ट्या लावण्यात आणि काढण्यात घालवला होता. अकरा महिने उन्हापावसात राहिलेली पट्टी कडेनं सुटते, मळ धरते. ही गुळगुळीत होती. एक सुरकुती नाही, टोक जिथल्या तिथं दुमडलेलं. इतकं नेटकं काम घरात एकाच माणसाच्या हातचं.

त्यांनी मान वर केली नाही.

“वहीत सही कर,” घड्याळजी म्हणाले. “सापडला की करतात. मग मी वन्संना फोन करतो तुझ्या. सगळ्यांनाच करतो.” त्यांनी खिशातून पेन काढलं, पुढे धरलं. “रात्र रात्र जागी असतेस, मला काय कळत नाही? पोर घरी परत यायलाच निघाली होती गं. आता तरी झोपशील.”

सिस्टरनी पेन घेतलं. वही मांडीवर उघडली. वारा पान उलटत होता, ते त्यांनी तळव्यानं दाबून धरलं.

सही केली असती तर ते घरी गेले असते. जेवले असते. पुढच्या रविवारी कुठं जायचं नसतं.

“अहो, बसा इथं,” त्या म्हणाल्या.

ते बसले.

“तिनं डबा आणलाच नव्हता. तो माझ्या उशीखाली ठेवून गेली होती, तुमच्या हाती लागायच्या आत मी उचलला. आत चिठ्ठी आहे. लिहिलंय, जागा नोंदवून ठेवते, म्हणजे बाबांना मला शोधत फिरावं लागणार नाही.”