तिघांची बॅग

नम्रताने बॅग पुन्हा उपसली, आणि तळाला पुन्हा तोच पांढरा सदरा निघाला. हातभर लांबीचा, लहान मुलाचा. मघाशी तिनेच तो बाहेर काढून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता.

पन्हाळ्याला जायचं होतं, तेही एसटीने. "ह्या खेपेक एकच बॅग. माझो हमाल करू नको," असं जितेंद्रने बजावलं होतं. मग बायकोने मोबाइलवर बघून बघून युक्ती शिकली. निळा, पांढरा आणि मातकट, एवढेच रंग घ्यायचे. कुठलाही वरचा कपडा कुठल्याही खालच्यावर गेला पाहिजे. नवऱ्याचा टी-शर्ट झोपताना तिला चालेल, तिची ओढणी पोरीला मफलर म्हणून. तेजस्वीचा लाडका गुलाबी फ्रॉक रडारड होऊनही घरीच राहिला. "सगळ्यांका गणवेश शिवलंस काय गो?" जितेंद्र म्हणाला. म्हणेना का. बॅग एका हाताने उचलत होती, आणि नम्रताला त्याचं कोण कौतुक.

फक्त हा सदरा. तो कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिवस गेले, तेव्हा तिने मालवणच्या बाजारातून गुपचूप आणला होता, चांगला वाढत्या अंगाचा. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. लोक म्हणाले, एक आहे ना पदरात, होईल दुसरं. दुसरं काही होईना. तिला मात्र ते हवंच होतं. देवळात गेली की तेवढंच मागायची, आणि दर महिन्याला तोंड लपवून रडायची.

"आये, ह्यो सदरो तुमी ठेवलात बॅगेत?" तिने सासूला विचारलं.

हौसाबाई ओसरीवर वाती वळत होत्या. "मियां बॅगेक हात लावूक नाय गो."

नम्रताने विषय वाढवला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काय लागतं आणि ते काय विसरतं, कोण सांगणार.

निघायची वेळ झाली. तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये, म्हणून हौसाबाई दर खेपेला दारासमोरच्या खळ्यातला एक दगड उचलायच्या, कुंकू लावून बरोबर द्यायच्या. "ह्यो तुमचो चवथो," म्हणायच्या. कुणकेश्वरच्या जत्रेला दगड, माहेरच्या लग्नाला दगड. जितेंद्र तर त्या दगडाला हाक मारून बस पकडायला सांगायचा. आज बॅगेच्या काळजीने नम्रताच म्हणाली, "आये, दगड बारको देवा हां."

"दगड कित्याक?" हौसाबाई म्हणाल्या. "आज चार जणां आसात तुमी."

नम्रताने वळून जितेंद्र जवळ नाही ना, ते पाहिलं. पाळी लांबली होती. नजर लागेल म्हणून तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि म्हातारीने नुसत्या तोंडाकडे बघून ओळखलं. म्हणजे सदराही तिनेच ठेवला, आशीर्वाद म्हणून. नम्रताने तो नीट घडी घालून परत बॅगेत सरकवला. पांढराच होता, सगळ्यांत खपून गेला.

गाडीत तेजस्वी खिडकीजवळची जागा सोडून बसली. "आत सरक गो," जितेंद्र म्हणाला.

"आत जागा नाय," ती म्हणाली.

पोरीची थेरं, म्हणून दोघंही हसले. नम्रता तर आज कशालाही हसत होती. फोंडाघाट येईपर्यंत तिने मनातल्या मनात बारसंसुद्धा उरकलं.

फोंडाघाटला गाडी चहाला थांबली. हॉटेलवाल्याने न विचारता पाण्याचे चार ग्लास आणून ठेवले. पोटात दुखत होतं, म्हणून नम्रता बॅग घेऊन मागच्या बाथरूमकडे गेली, आणि तिथे तिला कळलं. पाळी आली होती.

तिने तोंडात ओढणी कोंबून रडून घेतलं. मग बदलायला कपडे हवेत म्हणून बॅग उघडली. घड्या जशाच्या तशा होत्या. पांढरा सदरा मात्र नव्हता. तिने तळापर्यंत हात घातला, सगळं झटकून पाहिलं. नव्हताच.

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. खरं तर राग आला होता. "आये, तुमचां चुकलां. माझ्या पोटात काय नाय. आमी तिघांच आसव."



"पोटात म्हणान मियां खंय म्हटलंय?" हौसाबाई म्हणाल्या. "सकाळी खळ्यात तेजूचो हात धरून उभां होतां तां पोर. इतक्या थंडीत उघडांच. माका वाटलां, तुकाव दिसता."

समोर टेबलाशी तेजस्वी गरम वड्याचे तुकडे करत होती, फुंकर घालून एकेक शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवत होती. जितेंद्र हात धुवायला गेला होता. नम्रता बघत राहिली. इथे भ्यायला हवं, हे तिला कळत होतं. पण भ्यायला जमेना. दोन वर्षं तिने देवाकडे मूल मागितलं होतं, ते कसं यावं हे सांगायचं राहून गेलं होतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. जितेंद्र बॅग घेऊन चढला, मागोमाग तेजस्वी. कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता. "चला बाई. आले ना सगळे?"

नम्रता खालीच होती. दाराशी वाकून तिने एक हात पुढे केला होता.

"जरा थांबा," ती म्हणाली. "पायरी उंच आसा. तेका चढूक वेळ लागता."