चंपतरावांचं तेलुगू गाणं

गाणं लागलं आणि चंपतरावांचा घास हातातच राहिला.

पाळण्यात त्यांची तान्ही नात अर्पिता किरकिरत होती. सून अश्विनीनं मोबाइलवर तेच ते तेलुगू गाणं लावलं, कारण पोर दुसऱ्या कशानं झोपतच नव्हती. पहिल्या कडव्याला नातीचे डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला आजोबांचे भरून आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नाक पुसत ते पुटपुटले, "ठेचा लय तिखट झाला आज."

रेणुकाबाईनं नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. ताटात वरण-भात होता. ठेचा तिनं केलाच नव्हता.

असं या आठवड्यात दुसऱ्यांदा झालं. सख्ख्या मायच्या तेरवीला कोरडा राहिलेला हा माणूस! सीमेवरच्या बेला गावात रेणुकाबाई भजनी मंडळात पुढं बसून गायची. तिनं सूर लावला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. नवरा मात्र गौळणीला जांभया द्यायचा आणि अभंगाला सरळ घोरायचा. आणि आता रडू आलं, तेही कशाला, तर तेलुगू गाण्याला! चंपतरावांना तेलुगू येत होतं ते कापसाचा भाव विचारण्यापुरतं.

एकाच गाण्यानं नातीला झोप यावी, आजोबाला रडू यावं आणि आजीच्या अंगाचा तिळपापड व्हावा, हे काही बरोबर नव्हतं.

"अश्विनी, काय म्हन्ते व हे गानं?" तिनं भांडी घासता घासता सुनेला विचारलं.

अश्विनीचं माहेर मावल्याचं, शाळा तेलुगूतली. ती हसली. "जुन्या पिच्चरचं आहे, आत्याबाई. तो म्हन्तो, तू गेली, पन वाटेवरची धूळ अजून खाली बसली नाई."

"गेली? कोन गेली?"

"त्याची आवडती."

झालं! लग्नाआधी चंपतराव एक हंगाम बोथ गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तो धागा रेणुकाबाईनं उचलला आणि विणायला घेतला. भाकरी थापता थापता तिनं बोथच्या त्या बाईला नाक दिलं, डोळे दिले, कमरेपर्यंत वेणी दिली, वेणीत मोगरा माळला. गाता गळा तेवढा दिला नाही. तो स्वतःजवळच ठेवला.

मग तिनं ठरवलं, माफ करायचं. भांडण काय, कोणीही करतं. माफ करायला मोठं मन लागतं, आणि ते आपल्याजवळ आहे हे नवऱ्याला एकदा कळलंच पाहिजे. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं ठेवणीतली साडी नेसली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"लाव व ते गानं," तिनं सुनेला सांगितलं.

"आत्याबाई, पोरगी झोपली नं..."

"लाव म्हन्लं नं."

गाणं लागलं. चंपतराव छताकडे पाहू लागले. पापण्या ओल्या झाल्याच.

"नाव सांगा तिचं," रेणुकाबाई म्हणाली. "मी काई म्हन्नार नाई. झालं गेलं. वयच तसं असते."

"कोनाचं नाव?"

"जिच्यासाठी डोळे गळून राह्यले, तिचं. बोथवालीचं."

चंपतरावांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं पाळण्याकडे पाहिलं.

"बोथवाली कोन?" ते म्हणाले. "अवं, हे तं पोवळ्याचं गानं हाय."

पोवळ्या त्यांचा बैल. घरी ट्रॅक्टर आला त्या साली तो विकला.

"व्यापाऱ्यानं टेम्पो आनला होता," चंपतराव सांगू लागले. "त्या ड्रायव्हरनं हेच गानं लावलं होतं, जोरात. मी दोर त्याच्या हाती देल्ला अन् तोंड फिरवलं. पन कान कसे फिरवू? टेम्पो निंघाला. पाहतो तं पोवळ्या मान वळवून माह्याकडंच पाहून राह्यला. नाल्याच्या मोडावर गाडी दिसेनाशी झाली, तरी गानं आयकूच येत होतं. एक शब्द समजला नाई मले. पन सारं समजलं." त्यांनी दुपट्ट्यानं नाक पुसलं. "काय डोळे होते त्याचे! काय चाल होती! तसं रूप पुन्हा नाई पाह्यलं मी."

अश्विनीनं ओढणीचं टोक डोळ्याला लावलं. गाणं संपलं. पोर झोपेतच हसली.

एवढी जमवून ठेवलेली माफी आता कुठं ठेवावी, ते रेणुकाबाईला कळेना. नवरा धुतल्या तांदळासारखा निघाला होता. हायसं वाटायला हवं होतं. तिनं वाटून घेऊन पाहिलं, पण वाटेना.

"पाहा आत्याबाई," अश्विनी हळूच म्हणाली, "बाई नव्हतीच कोनी."

"बाई असती तं बरं झालं असतं व माय!" रेणुकाबाई उसळली. "ती आतापर्यंत माह्यासारखी म्हातारी तं झाली असती! त्या बैलाच्या रूपापुढं मी कशी टिकू?" मग ती नवऱ्याकडे वळली. "अन् काहो, लगन झालं तवापासून गाऊन राह्यली मी या घरात. साऱ्या गावाच्या बाया रडतात. तुमचा एक थेंब नाई पडला माह्या गान्याले. काऊन?"

चंपतराव गोंधळले. इतका सोपा प्रश्न हिनं का विचारावा, हेच त्यांना उमजेना.

"तुह्या गान्याले काऊन रडू? तू गेलीच कुठी?"