दुभाषी लेक

पट्टा पोरीच्या पाठीवर तिसऱ्यांदा पडायच्या आत आईने इस्त्री उचलली आणि नवऱ्याच्या कानामागे हाणली.

तो भिंतीला घासत खाली आला. इस्त्री गार होती, पण जुन्या बाजारातली, चांगली वजनदार. रक्त आधी थेंबथेंब आलं, मग धारच लागली.

आईने ओढणी गोळा करून जखमेवर दाबली. कारखान्यात ती दिवसभर कोंबड्या कापायची, रक्ताचं तिला काही वाटत नसे.

"फोन लाव!" ती ओरडली. "दवाखान्याची गाडी बोलाव!"

लेक बारा वर्षांची. या देशात आल्यापासून आईचं तोंड तीच. डॉक्टर असो, घरमालक असो, शाळेतल्या बाई असोत, आई हातवारे करायची आणि लेक बोलायची. "लोकांना जीभ देव देतो," आई हसत म्हणायची, "माझी मीच जन्माला घातली."

लेकीने फोन कानाला लावला. खिडकीकडे तोंड करून ती बोलू लागली, न अडखळता, एका दमात. आईला ओ की ठो कळलं नाही. तेवढ्या धांदलीतही तिच्या मनात येऊन गेलं, किती फाडफाड बोलते माझी पोर.

"काय म्हणाले?"

"निघालेत."

"पत्ता नीट सांगितलास ना?"

"सांगितला."

त्याने डोळे किलकिले केले. आई वाकलेलीच होती. त्याने तिची वेणी मुठीत धरली आणि खाली ओढली. "मारून टाकीन," तो पुटपुटला. वेणी त्याच्या हातात तशीच ठेवून ती जखम दाबत राहिली.

"आई, सोड त्याला."

"गप्प बस. बाप आहे तुझा. ह्यांना काही झालं तर आपण कुठं जायचं? इथं राहतोय ते ह्यांच्याच जिवावर."

आजवर पट्टा फक्त आईच्या पाठीवर पडायचा. शेजारपाजारी कळू नये म्हणून ती तोंडात ओढणी कोंबायची. आज जेवताना लेक एवढंच म्हणाली होती, 'आईला हात लावायचा नाही.'

ओढणी भिजली. मग टॉवेल भिजला. गाडीचा पत्ता नव्हता. हात काढला की रक्त उसळायचं, म्हणून आईला जागचं हलता येईना.

"परत लाव. म्हणावं, माणूस जातोय!"

लेक परत बोलली. या वेळी बराच वेळ.

कण्हणं थांबलं तशी आईने त्याची मूठ उघडली, वेणी सोडवली आणि जिना उतरत धावली. खाली लाँड्री चालवणाऱ्या ताई आपल्याच मुलखातल्या, इथं मुरलेल्या. त्यांनी हातातले कपडे टाकले आणि फोन लावला. त्या आईला घेऊन वर पोचतात न पोचतात तोच खाली गाडी थांबली. मागोमाग पोलीस आले. गाडीतली माणसं त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि लगेच उठली.

ताईंनी आईचे खांदे धरले. "घाबरू नकोस. पोरीला मारत होता म्हणून हात उचललास, आणि ताबडतोब मदत मागितलीस. तेवढंच सांग. हे लोक समजून घेतात. मुद्दाम मरू दिला असतास तर गोष्ट वेगळी."

"दोनदा फोन केला हो, ताई! यायला एवढा उशीर का केला, विचारा त्यांना."

ताईंनी विचारलं. पोलीसबाई बाजूला जाऊन वायरलेसवर बोलल्या, परत आल्या, दोन वाक्यं बोलल्या. ताईंचा चेहरा उतरला.

"अगं, या घरातून एकही फोन आलेला नाही म्हणतात. माझाच पहिला."

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर चुकवली नाही.

"मग एवढं काय बोलत होतीस?"

"शाळेतला धडा म्हणत होते."

पोलीसबाईंनी वाकून लेकीला काहीतरी विचारलं. लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईने आपला रक्ताळलेला हात त्या तोंडावर घट्ट दाबला.

"ताई, त्यांना सांगा, पोर फोन लावत होती. मीच हिसकावून घेतला."