गाण्यामागचं दार

खट्ट करून सीडी प्लेअरचं झाकण बसलं आणि दुपारची शांतता मोडली. माझी लेक ठकू मांडीवर पेंगत होती, म्हणून मी एका अमेरिकन गायकाची निवडक गाणी हळूच लावली. नुसती गिटार आणि त्याचा खरखरीत आवाज.

गाणी तीस वर्षांतली. गाण्यागणिक तो म्हातारा होत गेला. गाण्यांमागे मात्र कुणाचं तरी पोर दार बडवत रडत होतं, आणि ते प्रत्येक गाण्यात तेवढंच लहान होतं.

शेवटच्या गाण्यात तो मध्येच थांबला आणि "श्श!" करून खेकसला. रडणं बंद झालं.

मी घाईघाईनं प्लेअर बंद केला आणि ठकूला थोपटलं. "झालं हं सोन्या, गेला तो."

ठकू टक्क जागी होती. तिचे दोन्ही तळवे लालबुंद झाले होते.

"आई, बंद का केलंस? आता मला तिथून कोण सोडवणार?"