गच्चीवरचं तांबडं लुगडं

दहा वाजून चाळीस मिनिटांनी रवळूच्या फोनवरचं विमान दिसेनासं झालं, आणि रवळू हसला.

"नेट बंद केलं पोरीनं," तो बायकोला म्हणाला. "पसर लुगडं."

राजाबाईनं आपलं तांबडं इरकली लुगडं गच्चीवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. शेजारची मालुबाई मीठ-मिरच्या मुठीत घेऊन आधीच वर येऊन बसली होती. आभाळातल्या पोरीची दृष्ट जमिनीवरून कशी काढायची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

रचना त्यांची एकुलती एक. बेळगावात विमान चालवायला शिकत होती. तिथल्या शाळेच्या प्रत्येक विमानात एक फोन बसवलेला असे. तो नेटवरून आपलं ठिकाण इतरांना कळवायचा आणि आसपास कुणाचं विमान आहे ते आपल्याला दाखवायचा. तेच ॲप रचनानं आप्पाच्या फोनवर घालून दिलं होतं.

एकटीनं निपाणीपर्यंत जाऊन यायचं असलं, की ती संकेश्वराजवळ त्या फोनचं नेट बंद करायची, ठरलेली वाट सोडायची आणि गावावर एक चक्कर मारायची. रेडिओचाही आवाज बारीक करायची, म्हणजे कुठं आहेस विचारलं तर खोटं बोलायला नको. नेट चालू ठेवलं असतं तर शाळेच्या मार्तंड सरांना सगळं दिसलं असतं. सर भारी कडक. घरावरून विमान फिरवलेलं कळलं, की शाळेतून नाव कमी करायचे, मग कुणी पाया पडलं तरी ऐकायचे नाहीत. आणि या शिक्षणापायी विहिरीकडचा मळा विकला होता.

"आप्पा, माझं विमान दिसायचं बंद झालं, की समजा मी आलेच," असं तिनं सांगून ठेवलं होतं.

पहिल्या खेपेला तिला घरच सापडलं नव्हतं. वरून सगळी कौलं सारखीच. हुडकत हुडकत ती इतकी खाली आली, की परसातल्या नारळाच्या झावळ्या हलल्या. राजाबाई आठ दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून हे लुगडं. ते दिसलं, की उंचावरूनच पंख हलवायचे आणि वाटेला लागायचं.

आज आभाळ पांढुरकं होतं. कारखान्याचं गाळप चालू झालेलं, धूर आणि धुकं एकात एक मिसळलेलं. रवळूनं सवयीनं फोनवर नजर टाकली. निपाणीच्या अंगाला एक विमान होतं, त्याखाली सरांचं नाव. तेही आज एका विद्यार्थ्याला घेऊन वर होते. ते विमान वळलं. नाकासमोर गाव धरून निघालं. खालचा उंचीचा आकडा चार हजार फूट होता, तो साडेतीन झाला, मग तीन. आपलं गावच दोन हजार फुटांवर आहे, हे रचनानंच सांगितलं होतं. म्हणजे सर गावावर जेमतेम हजार फुटांवर येणार होते, आणि नेट बंद असल्यामुळं ना ते रचनाला दिसणार होते, ना ती त्यांना.

रवळूनं रचनाला फोन लावला. विमानात ती स्वतःचा फोन बंदच ठेवायची. फोनमधली बाई कन्नडमध्ये तेच तेच सांगत राहिली. मग त्यानं शाळेच्या ऑफिसला लावला. पहिल्या घंटीलाच विनोदिनी मॅडमनी उचलला.

"रवळूअण्णा, रचनाचं काही कळलं का तुम्हाला? ती फोनवर दिसेनाशी झाली, रेडिओवर उत्तर देत नाही. सरांना वाटतंय विमान पडलं. ते तिकडंच शोधायला निघालेत."

एक वाक्य बोलायचं होतं. पोरगी इथं आमच्या घरावर येतीया, सरांना वरच थांबवा. मॅडमनी ते रेडिओवर सांगितलं असतं. रवळूच्या डोळ्यापुढं मळा आला. विमानतळावर रडत उभी राहिलेली पोरगी आली.

"न्हाय मॅडम," तो म्हणाला. "काय न्हाय कळलं." आणि त्यानं फोन ठेवला.

"एकच पोरगी येणार हुती न्हवं?" मालुबाई म्हणाली. "मग आवाज दोन्हीकडनं कसा येतोय?"

रवळू लुगड्याकडं धावला. लुगडं म्हणजे ये, असंच त्याच्या डोक्यात बसलेलं. ते नसलं तर ती येणार नाही, तशीच पुढं जाईल. त्यानं विटा लाथेनं उडवल्या, लुगडं ओढलं आणि छातीशी गोळा करून धरलं.



"अवो, काढलासा कशाला?" राजाबाई म्हणाली. "आता ती खाली येऊन हुडकणार की."

रवळूनं लुगडं तिच्या अंगावर टाकलं. दोघं मिळून ते पुन्हा पसरू लागली. विटा सापडत नव्हत्या, वाऱ्यानं कोपरे उडत होते. एका कोपऱ्यावर राजाबाई बसली, एकावर मालुबाई. रवळूनं ऑफिसचा नंबर परत लावला. आता तो सगळं सांगणार होता, नाव कमी झालं तरी चालणार होतं. लाईन बिझी लागली. मॅडम रचनाचीच चौकशी करत असणार.

उसाच्या फडावरून रचनाचं विमान आलं. झावळ्या हलल्या. ते घरावरून पुढं गेलं, धुक्यात शिरलं आणि वळल्याचा आवाज आला. दुसरा आवाज निपाणीकडून जवळ येत होता.

रवळूच्या हातात फोन उजळलेलाच होता. त्यात त्यांच्या घरावर एकच विमान होतं, सरांचं. बाकी सगळं आभाळ मोकळं दिसत होतं.