मिशीवाला आणि छत्रीवाला

"राजे खोटं बोलतात, त्यांचे भाट खोटं बोलतात, शिलालेख तर सरकारी खर्चानं खोटं बोलतात. नाणं तेवढं कधी खोटं बोलत नाही," असं जाहीर करून सरांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल डुगडुगलं. श्रोता एकच होता, खोलीचे शिपाई मामा, आणि ते त्या वेळी टेबलाच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवत होते.

तो कागद म्हणजे सरांच्या आधीच्या साहेबांचं टिपण. त्यावर सरांनी लाल शाईत 'साफ चूक' असा शेरा मारल्यापासून त्याला दुसरं काम उरलं नव्हतं.

संग्रहालयाच्या या मागच्या खोलीचा आज फैसला होता. एका टेकाडाच्या उत्खननात सापडलेली साठ नाणी इथे होती. निम्म्यांवर मिशीवाला राजा, निम्म्यांवर छत्रीवाला. पुस्तकं म्हणत, दोघांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर. जुन्या साहेबांचं टिपणही तेच म्हणे: मिशीवाला सगळा खाली पाचव्या थरात, छत्रीवाला सगळा वर दुसऱ्यात.

सर आणि मामा नऊ वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात इथे रुजू झाले. पहिलं वर्ष सरांनी नुसती वजनं केली. दुसऱ्या वर्षी थर पाहायला घेतले आणि खुर्चीतून उठलेच. दोन्ही थरांत दोन्ही राजे होते. म्हणजे दोघे एकाच काळात, एकाच गादीवर, गुण्यागोविंदानं.

"सख्खे भाऊ दोन महिने एका घरात धड राहत नाहीत," सरांची बायको म्हणाली होती. "तुमचं आणि भावजींचं आठवा."

"ते राजे होते," सर म्हणाले होते.

आता परीक्षक बाई येणार होत्या. त्यांना पटलं तर खोली राहणार आणि सरांचं पुस्तक निघणार. नाही पटलं तर खोलीत मोडक्या खुर्च्या, सर ग्रंथालयात आणि मामा मुख्य दारावर तिकिटं तपासायला. मामांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्या दाराची त्यांनी फार धास्ती घेतली होती. "जिना पुसायला लावा सर, पण दार नको," असं ते महिनाभर म्हणत होते. सरांचा मात्र त्यांना मोठा आधार. नऊ वर्षांत सरांनी कधी आवाज चढवला नव्हता. मामा खुंटीवरच्या सरांच्या कोटालासुद्धा नमस्कार करीत.

बाई आल्या. बसल्या. चहा नको म्हणाल्या.

"उत्खननाची वही?"

"वाळवीनं खाल्ली," सर म्हणाले.

"मग कुठलं नाणं कोणत्या थरातलं, हे कशावरून ठरवता?"

"या पाकिटांवरून. एका पाकिटात एक नाणं आणि पाकिटावर थराचा आकडा. खणणाऱ्यांच्याच हातचा."

बाईंनी एक पाकीट खिडकीकडे धरलं. फिकट पेन्सिलीतला पाच. आत मिशीवाला. दुसरं धरलं. पुन्हा पाच. आत छत्रीवाला. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"रोज नाणी बाहेर काढता?"

"साठही. कापडावर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मला सुचत नाही."

"आणि परत भरतं कोण?"

सरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी कोटाकडे.

"मी भरतो बाई," मामा म्हणाले. "सर घरी गेले की."

"दाखवा."

बाईंनी बारा पाकिटं कापडावर रिकामी केली. मामा पुढे झाले. त्यांची बोटं कापडावरून फिरू लागली. नाणं उचल, पाकीट उघड, नाणं आत, घडी. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. मिनिटभरात बाराही पाकिटं रांगेत उभी राहिली. बाईंनी एकेक दाबून पाहिलं. एकही रिकामं नव्हतं, एकातही दोन नव्हती.

"यांना पाकिटाकडे बघावंसुद्धा लागत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे चार पदवीधर ठेवलेत. तरी आठवड्याला एखादं नाणं हरवतं."

"नऊ वर्षांत एकही नाही," सर म्हणाले.

बाईंनी तिथेच बसून अहवाल लिहिला. सिद्धान्त मान्य. खोली कायम. नाण्यांची निगा अनुकरणीय. सही करताना टेबल जराही हललं नाही.

बाई गेल्यावर सरांनी पिशवीतून एक टाईप केलेला कागद काढून मामांच्या हातात दिला.

"पुस्तकाची अर्पणपत्रिका. तुमच्या नावानं आहे. या खोलीत मी नुसता विचार केला मामा. काम तुम्ही केलंत."

मामांनी वाचत न बसता कागद कपाळाला लावला आणि परत दिला.

"आणि हवं ते मागा आज. लाजू नका."

"काय मागू सर? तुमच्यामुळे दार टळलं, त्यात सगळं आलं." मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. "अर्धा दिवस रजा मिळाली तर..."

"आठवडाभर घ्या. कशाला हवी?"

"डोळे दाखवून यावं म्हणतो. इथे आलो तेव्हाच जाणार होतो. पण साहेब लोकांना कळलं असतं तर थेट घरीच बसवलं असतं, म्हणून गप्प राहिलो." मामांनी हात फिरवून कापडाची सुरकुती काढली. "मघाशी तुम्ही बाईंना सांगत होतात ना, पाकिटांवर आकडे असतात म्हणून. चष्मा झाला की एकदा बघून घेईन म्हणतो."