हात वाळेपर्यंत

लेकीच्या स्पेनमधल्या घरी जेवण आटोपताच कुमुदिनीबाई ताटं उचलायला उठल्या. स्पॅनिश विहीणबाईंनी त्यांना हात धरून बसवलं. “सोब्रेमेसा!”

“म्हणजे काय गं?” त्यांनी लेकीला विचारलं.

“शब्दशः, टेबलावर. पण म्हणायचंय ते, जेवणानंतरच्या गप्पा.”

कुमुदिनीबाईंना सोलापूरचं माजघर आठवलं. पुरुषांची पंगत उठल्यावर तिघी जावा जेवायला बसत आणि खरकटे हात वाळले तरी कुणी उठत नसे. त्या दोघी गेल्यापासून कुमुदिनीबाई एकट्याच, भराभर जेवून उठत.

त्या सावरून बसल्या. “आमच्या थोरल्या जाऊबाई सासूबाईंची नक्कल करायच्या,” म्हणत त्यांनी डोक्यावर पदर घेऊन, नाक मुरडून ती करून दाखवली. लेकीने भाषांतर करण्याआधीच विहीणबाई हसू लागल्या.

“थांबा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “आता माझ्या सासूबाईंचं ऐका!”